सुरतेची मुगलसराई

सुरत हे नाव कानांवर पडले की मराठी माणसाच्या मनात दोन प्रसंग उभे राहतात. पहिला १६६४ च्या जानेवारीतला. मोगलांच्या या धनाढ्य बंदरावर शिवाजी महाराज चालून गेले आणि तेथून मिळालेल्या द्रव्याने स्वराज्याची ओढगस्त काही काळ दूर झाली. दुसरा प्रसंग १९०७ च्या डिसेंबरातला. तापीकाठच्या मंडपात राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले, लोकमान्य टिळक बोलावयास व्यासपीठावर गेले, कोठून तरी एक दक्षिणी जोडा भिरभिरत आला आणि सभा उधळली. पहिल्या प्रसंगाने आपली मान ताठ होते, दुसऱ्याने मन थोडे खिन्न होते. परंतु दोन्ही वेळा आपण सुरतेत गेलो ते वावटळीसारखे, आणि परतलोही तसेच. मुक्कामाला आलेला माणूस म्हणून सुरतेकडे आपण फारसे पाहिलेले नाही. आज ज्या वास्तूची हकीकत मी आपणांस सांगणार आहे, ती नेमकी अशा मुक्कामाला येणाऱ्या माणसासाठीच बांधलेली आहे.

सुरत स्थानकावर उतरून चौक बाजाराच्या दिशेने, म्हणजे किल्ल्याकडे आणि तापीकडे निघाले, की जुन्या शहराच्या गजबजलेल्या भागात मुगलीसरा नावाचा मोहल्ला लागतो. या मोहल्ल्याला ज्या इमारतीवरून नाव मिळाले ती मुगलसराई तेथे आजही उभी आहे. ती पडीक नाही, की तिकीट काढून पाहावयाचे प्रदर्शनही नाही. तेथे सुरत महानगरपालिकेचे मुख्यालय आहे. घरपट्टीची तक्रार असो, नळाचे गाऱ्हाणे असो, शाळेचा वा रस्त्याचा प्रश्न असो, त्याचा धागा शेवटी या वास्तूपर्यंत येऊन पोहोचतो. मुंबईच्या महापालिकेची इमारत इंग्रजी अमदानीतली. सुरतेच्या नगरपित्यांचे बिऱ्हाड मात्र शहाजहान बादशहाच्या काळातल्या धर्मशाळेत आहे.

ही सराई १६४४ साली बांधली गेली. बांधणारा इसहाक बेग यझदी. हकीकतखान या किताबाने तो ओळखला जाई. शहाजहानची वडील कन्या जहाँआरा बेगम हिच्या पदरचा तो विश्वासू अधिकारी होता. त्याच १६४४ साली आगऱ्याच्या महालात जहाँआराच्या वस्त्रांनी पेट घेतला आणि ती अनेक महिने मरणाच्या दारात पडून होती. ती बरी झाली तेव्हा आनंदित झालेल्या बादशहाने तिला इतर देणग्यांबरोबर सुरत बंदराचे उत्पन्न तोडून दिले. सराईच्या बांधकामास ३३,०८१ रुपये खर्च झाल्याचे सांगण्यात येते. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. आणि सुरतेसारख्या बंदरात तेवढ्या पैशांत वखारी वा दुकाने बांधून चांगली मिळकत करता आली असती. हकीकतखानाने बांधले ते वाटसरूंचे घर, आणि तेही मुख्यत्वे मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी.

यात्रेकरूंसाठी एवढी मोठी सोय सुरतेतच का लागावी, हे समजण्यासाठी त्या काळच्या प्रवासाची रीत ध्यानात घेतली पाहिजे. शिडाची जहाजे वाऱ्याच्या मर्जीवर चालत. लाल समुद्राकडे जाणारी जहाजे साधारणतः फाल्गुनाच्या सुमारास नांगर उचलीत आणि पावसाळ्याचा जोर ओसरू लागला म्हणजे परतत. एकदा वारा चुकला की वर्ष चुकले. तेव्हा दिल्लीचा, लाहोरचा किंवा थेट मध्य आशियातला यात्रेकरू महिना-दोन महिने आधीच बंदर गाठून बसे. सुरतेला तर मक्केचे द्वारच म्हणत. मोठी जहाजे तापीच्या मुखाबाहेर सुवाळीच्या समुद्रात उभी राहत आणि माणसे मात्र शहरात वाट पाहत. वाट पाहणारा हा माणूस बहुधा परभाषिक, पैशाने बेताचा, आणि घरदार मागे ठेवून आलेला असे. त्याने राहावे कोठे? मुगलसराई हे या प्रश्नाला दिलेले दगड-चुन्यातले उत्तर होते.

आणि हे यात्रेकरू सुरतेला येत कोणत्या वाटेने? श्रोतेहो, येथे आपला, म्हणजे महाराष्ट्राचा संबंध येतो. आगऱ्याहून सुरतेला येण्याच्या दोन मोठ्या वाटा होत्या. एक अहमदाबादवरून, दुसरी बऱ्हाणपुरावरून. ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकात या दुसऱ्या वाटेचे टप्पे लिहून ठेवले आहेत. त्यांत बारडोली येते, नवापूर येते, नंदुरबार, थाळनेर, चोपडा ही गावे येतात आणि मग बऱ्हाणपूर. म्हणजे अर्धी वाट खानदेशातून जाते. बैलांच्या तांड्यांबरोबर, उंटांच्या काफिल्यांबरोबर हजारो माणसे तापीच्या आसऱ्याने पश्चिमेकडे सरकत. नदीही सुरतेला जाई आणि माणसेही सुरतेला जात. ही वाट आपण लक्षात ठेवू; पुढे तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

मोगल काळातली सराई म्हणजे काय, याचे वर्णन निकोलाव मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने केले आहे. तो १६५६ साली सुरतेलाच जहाजातून उतरला आणि पुढचे सारे आयुष्य त्याने हिंदुस्थानात काढले. तो सांगतो की संध्याकाळी सराईचा दरवाजा बंद होई. पहाटे दरवाजा उघडण्यापूर्वी सराईचा राखणदार मोठ्याने पुकारा करी, की मंडळींनो, आपापले सामान पाहून घ्या, कोणाचे काही गेले तर नाही ना? एकदा नव्हे, तीनदा पुकारा होई. कोणाची काही चीज हरवली असल्यास ती सापडेपर्यंत दरवाजा उघडत नसे. सर्वांचे सर्व जागच्या जागी आहे अशी खात्री झाली म्हणजेच कवाडे उघडत आणि वाटसरू आपल्या वाटेला लागत. राज्य कोणाचे आहे, प्रवासी कोणत्या देशीचा आहे, याच्याशी त्या पुकाऱ्याला कर्तव्य नव्हते. छताखाली आलेल्याची जबाबदारी छत देणाऱ्याची, एवढाच त्याचा अर्थ.

सराईपासून थोड्याच अंतरावर तापीच्या काठी सुरतेचा किल्ला आहे. या दोन वास्तू म्हणजे राज्यकारभाराची दोन रूपे आहेत असे मला वाटते. १६६४ साली महाराज सुरतेवर आले तेव्हा शहराचा सुभेदार इनायतखान काय करीत होता? तो किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघडे टाकले. महाराजांच्या पराक्रमाचे वर्णन करताना आपण या गोष्टीकडे ओझरतेच पाहतो. पण सुरतकरांच्या दृष्टीने त्या दिवसांचा खरा धडा तोच होता. ज्याने रक्षण करावयाचे त्याने आधी स्वतःला कोंडून घेतले. १६७० च्या ऑक्टोबरात मराठे पुन्हा सुरतेत शिरले. तेव्हा काशगरचा पदच्युत राजा अब्दुल्लाखान मक्केची यात्रा करून नुकताच परतला होता आणि शहरातल्या एका सराईत उतरला होता. पोटच्या मुलानेच त्याला गादीवरून दूर केले होते. सराईवर मोठी झुंज झाली, ती मराठ्यांच्या हाती पडली आणि हा दुर्दैवी राजा रात्री किल्ल्याच्या आश्रयाला पळाला. त्याची संपत्ती मराठ्यांना मिळाली. इतिहासात ही नोंद लुटीच्या हिशेबात येते. मी ती येथे सांगितली ती सुरतेच्या सराईंत कोण कोण उतरत असे हे कळावे म्हणून. गादी गमावलेला राजा आणि आयुष्याची पुंजी गाठीला बांधून निघालेला विणकर, दोघांनाही समुद्राची वाट पाहताना सराईचाच आसरा.

पुढे दिवस पालटले. इंग्रजांनी १६८७ साली आपल्या कंपनीचे पश्चिमेकडील मुख्य ठाणे मुंबईस नेले. तापीचे मुख गाळाने भरत चालले. व्यापार हळूहळू मुंबईकडे ओघळला. १७५९ मध्ये किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला, १८०० मध्ये नबाबाकडून शहराचा कारभारही गेला. त्यात १८३७ चे वर्ष उजाडले. उन्हाळ्यात लागलेल्या आगीत हजारो घरे जळून गेली आणि त्याच वर्षी तापीला महापूर आला. यात्रेकरू आता मुंबईहून आगबोटीने जाऊ लागले. सराई ओस पडली. आणि मग या वास्तूच्या नशिबी जे आले ते मोठे चमत्कारिक होते: तिचा तुरुंग झाला. आल्यागेल्याला आत घेण्यासाठी बांधलेल्या दरवाजाकडे आता आतल्या माणसाला बाहेर न सोडण्याचे काम आले. भिंती त्याच, दरवाजा तोच. हेतू बदलला की घर कसे उलटे होते याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही.

परंतु याच पडत्या काळात सुरतेच्या लोकांत एक नवी जाग येत होती, आणि तिच्यात एका मराठी माणसाचा वाटा होता. मराठी व्याकरणकार म्हणून आपण ज्यांना जाणतो ते दादोबा पांडुरंग तर्खडकर त्या वेळी सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. त्यांनी आणि दुर्गाराम मेहताजी या गुजराती सुधारकांनी, आणखी काही स्नेह्यांच्या साहाय्याने, १८४४ च्या जूनमध्ये मानवधर्म सभा स्थापन केली. ईश्वर एक आहे, माणसाचा धर्म एक आहे, जातिभेद ही माणसाची करणी आहे, असे तेथे उघडपणे बोलले जाऊ लागले. सराई बांधली त्याला त्या वर्षी बरोबर दोनशे वर्षे झाली होती. त्याच १८४४ च्या ऑगस्टमध्ये सरकारने मिठावरचा कर वाढविला तेव्हा सुरतेच्या लोकांनी दुकाने बंद केली, हजारोंचा जमाव रस्त्यावर आला आणि सरकारला नमते घ्यावे लागले. दांडीच्या आधी ८६ वर्षे! आणि दांडी तरी सुरतेपासून कितीशी दूर आहे?

शहराचा कारभार शहराने पाहावा, ही कल्पना अशा हवेत रुजली. १८५० च्या कायद्याखाली सुरतेत १८५२ साली नगरपालिका स्थापन झाली आणि १८६७ साली तिची कचेरी मुगलसराईत आली. तुरुंगाची पुन्हा लोकांची जागा झाली. दिवाबत्ती, झाडलोट, पाणी, रस्ते, शाळा, दवाखाने असे एकेक काम या वास्तूतून होऊ लागले. त्या काळची नगरपालिका म्हणजे कलेक्टरच्या हाताखालची संस्था होती हे खरे. पण संस्था एकदा उभी राहिली की तिला स्वतःचा आवाज फुटतो. असहकाराच्या चळवळीत हे दिसून आले. सुरतेच्या लोकनियुक्त सभासदांनी नगरपालिकेच्या शाळा सरकारी नियंत्रणातून मोकळ्या करावयाचे ठरविले, सरकारी अनुदान नाकारले, आणि १९२२ साली सरकारने नगरपालिकाच बरखास्त केली. अहमदाबाद आणि नडियाद येथेही हेच घडले. मुलांच्या शाळांसाठी स्वतःचा अधिकार पणाला लावणारे नगरसेवक एके काळी या सराईत बसत होते, ही आठवण आज कोणत्याही महापालिकेने जपावी अशी आहे.

स्वातंत्र्यानंतर सुरत पुन्हा वाढू लागले. जर, रेशीम, मग यंत्रमाग, रंगाई-छपाई आणि हिऱ्यांना पैलू पाडण्याचा धंदा. १ ऑक्टोबर १९६६ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. २०११ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती सुमारे ४५ लाख भरली. एवढी माणसे आली कोठून? सौराष्ट्रातून आली, ओडिशातून आली, उत्तर प्रदेश-बिहारमधून आली, तेलंगणातून आली. आणि फार मोठ्या संख्येने आली ती खानदेशातून. मघाशी जी वाट लक्षात ठेवावयास सांगितले होते ती हीच. नंदुरबार, धुळे, अमळनेर, चोपडा, जळगाव या बाजूची माणसे, विसाव्या शतकाच्या तोंडावर तापीच्या खोऱ्यातून जो लोहमार्ग झाला त्या मार्गाने, कोरडवाहू शेतीत भागेना म्हणून सुरतेला येऊ लागली. पूर्वी यात्रेकरू जहाजाची वाट पाहत बसे, आता गडी कामाच्या पाळीची वाट पाहतो. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत आज अहिराणी बोली सर्रास कानांवर पडते, गणपती बसतात, कानबाईचा उत्सव होतो. महापालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी या माध्यमांतूनही चालतात. परक्या शहरात मुलाच्या हाती त्याच्या आईच्या भाषेतले पहिले पुस्तक पडावे, ही व्यवस्था सराईच्या कुळाला शोभणारी आहे.

तथापि सारेच चित्र असे साजरे नाही. आलेल्या माणसाला काम मिळाले, पण घर मिळाले नाही. एका खोलीत पाळीपाळीने दहा-दहा माणसे झोपू लागली. गटारे तुंबली, कचरा साचला, आणि १९९४ च्या पावसाळ्यात पूर ओसरल्यावर मेलेली जनावरे कुजत पडली. त्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ उद्भवली. काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. गाड्या भरभरून माणसे त्याच तापीच्या वाटेने उलट दिशेला, खानदेशाकडे परतली, आणि कित्येक गावांनी आपल्याच माणसांना वेशीवर थांबविले. त्या धावपळीत शहरातले अनेक डॉक्टरही निघून गेले. इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला होता, त्याची आठवण व्हावी असेच ते दिवस होते.

पण या वेळी गोष्ट तेथे संपली नाही. १९९५ च्या मेमध्ये एस. आर. राव हे आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा विभाग केले, प्रत्येक विभागाच्या प्रमुखाला आयुक्ताइतके अधिकार दिले, आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सकाळची वेळ कचेरीत न घालविता रस्त्यावर, गटारापाशी, झोपडपट्टीत घालवावी असा दंडक घातला. अनधिकृत बांधकामे पाडताना धनिकांची गय केली नाही. झोपडपट्ट्यांत फरशी, नळ, शौचालये आली. १९९६ साली इन्टॅक या संस्थेने सुरतेस देशातील दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर ठरविले. पुढे २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरबरोबर पहिला क्रमांक मिळविला. माणसे तीच, शहर तेच, आणि कारभाराची वास्तूही तीच साडेतीनशे वर्षांची. फरक पडला तो एवढाच की कारभारी दरवाजाबाहेर पडले.

आता या वास्तूपुढे नवे प्रश्न उभे आहेत. महापालिकेचा पसारा सराईत मावेनासा झाला आहे आणि रिंगरोडवर, जुन्या तुरुंगाच्या जागी, तिच्या उत्तुंग मुख्यालयाचे काम हाती घेण्यात आले आहे. तुरुंग झालेल्या सराईत एकदा नगरपालिका आली. आता नगरपालिका दुसऱ्या तुरुंगाच्या जागेवर जावयास निघाली आहे. इतिहासाला अशा योगायोगांची हौस असते. दुसरा प्रश्न मालकीचा. यात्रेकरूंसाठी बांधलेली ही वास्तू वक्फची मिळकत आहे असा निर्णय गुजरात वक्फ मंडळाने २०२१ साली दिला होता. महापालिकेने त्यास आव्हान दिले आणि २०२४ साली वक्फ न्यायाधिकरणाने तो निर्णय रद्द केला. कायद्याचे काम न्यायालयांचे. त्यात मला पडावयाचे नाही. परंतु मालकी ठरली म्हणजे वास्तूचा प्रश्न सुटला असे होत नाही. उद्या कचेरी हलली की या घराचे काय करावयाचे, हा खरा प्रश्न आहे. कुलूप लावून फलक ठोकणे सोपे आहे. दुकाने काढून भाडे मिळविणेही सोपे आहे.

माझ्या अल्प मतीला असे वाटते की ज्या वास्तूने तीन जन्म घेतले तिला चौथा जन्म देताना पहिल्या जन्माची आठवण ठेवावी. सुरत हे आजही येणाऱ्यांचे शहर आहे. नंदुरबारच्या गाडीतून पहाटे ट्रंक घेऊन उतरणाऱ्या पोराला कोठे जावे, कोणाला विचारावे, आजारी पडल्यास कोणाचे दार ठोठवावे हे ठाऊक नसते. शहराच्या मध्यभागी असे एक दार असावे की जेथे त्याला या साऱ्याची उत्तरे मिळतील, जेथे या शहरात येऊन गेलेल्यांचा इतिहास त्याला पाहावयास मिळेल, आणि जेथे त्याला तू कोण, कोठला, असा प्रश्न दरडावून कोणी विचारणार नाही. हकीकतखानाने ३३ हजार रुपयांत हे केले होते. आजच्या संपन्न सुरतेला ते जड जाऊ नये.

आणि हे केवळ सुरतेपुरते नाही. मुंबई, पुणे, नाशिक ही आपली शहरेही येणाऱ्यांवरच वाढली आहेत. आणि आपण मराठी माणसे सुरतेत, इंदुरात, बडोद्यात, सातासमुद्रांपलीकडे कोणाची तरी पाहुणी आहोतच. शहराची श्रीमंती त्याच्या पेढ्यांवरून ठरवितात, बळ किल्ल्यावरून ठरवितात. पण शहराचे शील त्याच्या सराईवरूनच ठरते. पहाटे दरवाजा उघडण्यापूर्वी सराईचा तो राखणदार तीनदा विचारी, की मंडळींनो, सर्वांचे सर्व जागच्या जागी आहे ना? आपल्या नगरांच्या कारभाऱ्यांनी रोज सकाळी एकदा जरी हा प्रश्न मनापासून विचारला, तरी मुगलसराई बांधणाऱ्याचे पैसे सार्थकी लागले असे म्हणता येईल.